मागच्या खोलीतलं बटण

"सर, रात्री कोण कुठं झोपतं, तेवढं सांगा आधी," इर्शाद म्हणाला.

मी त्याच्यापुढं घराचा नकाशा पसरला होता. चौकडीच्या कागदावर, पट्टीनं, मापांसकट काढलेला. सत्तावीस वर्षं मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवला. घरात विजेचं काही काम निघालं की मी आधी नकाशा काढतो, ही माझी खोड. इर्शाद मुजावर माझाच विद्यार्थी. आखातात सहा वर्षं बंगल्यांमधून आगीचे अलार्म बसवून तो परत आला होता आणि त्यानं मिरजेत दुकान टाकलं होतं. आमच्या मागच्या गल्लीत एकाच्या जिन्याखालचा इन्व्हर्टर भरदुपारी पेटला, सगळा जिना काळा झाला, माणसं शिडी लावून गच्चीवरून उतरवावी लागली. तेव्हापासून माझ्या बायकोनं, शैलानं, धोशा लावला होता. जगाच्या पोरांना वीज शिकवता आणि स्वतःच्या घरात एक यंत्र नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ती पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची.

"झोपण्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"सगळा संबंध तोच, सर. आग लागते स्वयंपाकघरात आणि माणूस मरतो झोपायच्या खोलीत. म्हणून ही एकमेकांना जोडलेली यंत्रं. वायर नाही, रेडिओवर बोलतात आपसांत. एक वाजलं की घरातली सगळी वाजणार."

मी बोटानं दाखवत गेलो. ही आमची खोली, ही मुलीची, हा हॉल, हा जिना. या चार ठिकाणी धुरावर वाजणारी. स्वयंपाकघरात मात्र धुराचं नको. मिरचीची फोडणी पडली की बोंबलायला लागेल. तिथं उष्णतेवर वाजणारं.

"सर, तुम्ही तर मलाच शिकवताय," इर्शाद म्हणाला. मी फुगलो.

मग त्यानं खिडकीतून मागं बघितलं. परसात, घरापासून वीसेक पावलांवर, एक खोली होती. तिच्या दारात माझी आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"आणि आजी?"

"ती खोली नकाशात नाही," मी म्हणालो.

खरं तर होती. कोपऱ्यात लहानसा चौकोन काढून मी त्यात 'स्टोअर' असं लिहिलं होतं. इर्शादनं ते वाचलं आणि तो पुढची मापं बघू लागला. शिकवलेल्या पोरांचं हे एक वाईट असतं, ती सरांची चूक दाखवत नाहीत.

हा नकाशा काढला त्याला आता चौदा वर्षं होतील. ती खोली घर बांधताना सिमेंटची पोती ठेवायला बांधली होती. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. आई तिथं गेली ती मिश्रीपायी. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं आणि ती पूड बोटानं दातांना लावत बसायचं, हे तिचं व्यसन लग्नाआधीपासूनचं. तिच्या वयाच्या आमच्याकडच्या निम्म्या बायकांचं असतं. पण तव्यावर तंबाखू चढली की जो धूर निघतो तो नवीन पडद्यांत बसतो, गाद्यांत बसतो आणि बायकोच्या डोक्यात तर कायमचा बसतो. शैलाला खोकला यायचा, हेही खरं होतं. एक दिवस आईच म्हणाली, "मी मागं ऱ्हाते. माजी शेगडी माज्याजवळ." आम्ही नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. गावाकडं असताना ती दारात उभी राहून "सदाऽऽ" अशी हाक मारायची, आणि मी ओढ्यापलीकडून पळत यायचो. आता तिचं बोलणं शेजारी बसलं तरच ऐकू यायचं. डॉक्टरांनी मिश्री सोडा म्हणून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन तवा ठेवला.

शैला चहा घेऊन आली आणि तिनं आमचं बोलणं ऐकलं.

"आत्याबाईंच्या खोलीत कशाला? एक दिवसाआड त्या मिश्री भाजतात. ते वाजत बसेल आणि जोडलेलं म्हटल्यावर आपल्याही डोक्यावर वाजेल."

"वहिनी, त्यांनाही उष्णतेवरचं देऊ की. धुराला ते ढिम्म हलायचं नाही. खरी आग लागली तरच वाजेल," इर्शाद म्हणाला. "शेगडी तर त्याच खोलीत पेटते. खरी गरज तिथंच आहे, सर."

मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, विद्यार्थ्यासमोर नाही कसं म्हणणार? मी 'स्टोअर' खोडलं आणि तिथं सहावा आकडा घातला.

दुसऱ्या दिवशी यंत्रं बसली. आईच्या खोलीत छताला ते पांढरं, बशीएवढं यंत्र लावून झाल्यावर इर्शादनं खाटेशेजारी भिंतीवर, हाताच्या उंचीला, एक बटण लावलं.

"आजी, हे यंत्र चालू आहे का बघायला शिडी लागते. तुम्ही कुठं शिडीवर चढणार? म्हणून हे. महिन्यातनं एकदा दाबायचं. वाजलं म्हणजे ठीक आहे."

आईनं बटणाकडं बघितलं. "हितं दाबलं की कुटं वाजतंय?"

"सगळीकडं. इथं पण आणि घरात पण."

"सदाच्या खोलीत?"

"हो."

"दाबू?"

"दाबा की."

तिनं अंगठ्यानं दाबलं. तिच्या डोक्यावर एक कर्कश शिट्टी सुरू झाली आणि पाठोपाठ घरातून पाच शिट्ट्या. स्वयंपाकघराच्या दारातून शैला पळत बाहेर आली, पदराला हात पुसत, भेदरलेली. मी इर्शादच्या मागं उभा होतोच. आईनं आम्हा दोघांकडं बघितलं आणि हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसली. ऑपरेशन झाल्यापासून तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

"आली की गं बया पळत," ती म्हणाली.

पहिल्या पंधरा दिवसांत तिनं ते पाच वेळा दाबलं. एकदा डोळ्यांत औषध घालायला कुणीतरी हवं होतं. एकदा दारात धामण आली होती. एकदा विचारलं तर म्हणाली, "म्हैना झाला का बघायला." महिना व्हायला अजून वीस दिवस होते. दर वेळी सहा शिट्ट्या, दर वेळी आमची धावपळ. मी तिला समजावलं, "आई, हे आगीसाठी आहे. हाक मारायसाठी नाही."

"माजी हाक तुला ऐकू येती व्हय?"

मी चिडलो, एवढंच. खरं बोलणाऱ्यावर चिडायला फार सोपं असतं.

मग तो रविवार आला. आमच्या अश्विनीला बघायला कोल्हापूरची मंडळी येणार होती. मुलगा सरकारी खात्यात इंजिनियर, आई कॉलेजात प्राध्यापक. शैला चार दिवस पडदे धूत होती. सकाळी मी आईला जाऊन सांगितलं होतं, "आज पाहुणे आहेत." तिनं विचारलं, "मी कवा येऊ?" मी म्हणालो, "बोलावतो."

कांदेपोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं आमच्या घराचं कौतुक केलं. छताकडं बघून मुलानं विचारलं, "हे स्मोक अलार्म का?" मला तेवढंच हवं होतं. कुठं धुराचं, कुठं उष्णतेचं, सगळी एकमेकांना कशी जोडलेली, हे मी त्याला सांगत होतो आणि तेवढ्यात पाचही यंत्रं बोंबलली.

बशा हातात धरून पाहुणे उभे राहिले. मुलाच्या वडिलांनी बायकोचा दंड पकडून तिला दाराकडं ओढलं. अश्विनी रडायच्या बेतात. मी मागच्या दारानं धावलो.

आई खाटेवर बसली होती. अंगावर हिरवं इरकल, मी दिवाळीला घेतलेलं, घडी मोडलेली. केसांना तेल, कपाळावर गोंदण चमकत होतं. दात घासून घासून जमतील तेवढे स्वच्छ केले होते. बटणावरचा अंगठा तिनं मला बघून काढला.

"पाव्हणं आलं न्हवं?" ती म्हणाली. "मोटारीचा आवाज आला. मग म्हनलं, इसरला असशील."

दोन तास ती तशी बसून होती. हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो, पण आज लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला लिहू? विसरलो नव्हतो मी. मुलाची आई प्राध्यापक, आणि माझ्या आईचे दात काळे.

"अक्कल आहे का तुला?" मी म्हणालो. आईला. या शब्दांत.

पदराच्या टोकानं तिनं बटण पुसलं, जसं काही ते मळलं होतं.

पाहुण्यांनी हसून सोडून दिलं. घरात म्हातारं माणूस असतंच, आमच्याही आजी अशाच होत्या, असं मुलगाच म्हणाला. लग्न जमलं, झालं, आज अश्विनीला दोन मुलं आहेत. म्हणजे नुकसान म्हणावं तर कसलंच झालं नाही. तरी त्या संध्याकाळी शैला म्हणाली, "काहीतरी करा त्याचं," आणि मी माहितीपुस्तिका काढून बसलो. आपला हात जगन्नाथ. आईला अश्विनीबरोबर देवळात पाठवलं, शिडी लावली आणि तिची खोली घरापासून तोडली. पाच मिनिटांचं काम. यंत्र छताला तसंच राहिलं. आग लागली तर तिथल्या तिथं एकटं वाजलं असतं. बटण मात्र कशालाच जोडलेलं उरलं नाही. दाबलं की नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं.

आई आल्यावर मी तिला सांगितलं, "तुझ्या कानाला त्रास होतो ना, म्हणून बदल केलाय. आता दाबलं की इथं वाजणार नाही. फक्त आमच्याकडं वाजेल. पण खरी नड असेल तेव्हाच दाब."

"बरं केलंस," ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरात शांतता झाली. शैलानं दोनतीनदा म्हटलं, "बघा, एकदा नीट सांगितलं की ऐकतात त्या." मीही तेच म्हणायचो.

मे महिन्यातली दुपार होती. आम्ही दोघं जेवून खोलीत झोपलो होतो, दारंखिडक्या बंद, एसी चालू. अश्विनी मैत्रिणीकडं गेली होती. चार वाजता शैला आईचा चहा घेऊन मागं गेली आणि कपबशी फुटल्याचा आवाज आला.

आई खाटेच्या खाली, फरशीवर आडवी होती. खोली धुरानं भरली होती. शेगडीवर तवा, तव्यावर मिश्रीची राख. निखारे विझत आले होते. वर छताला ते पांढरं यंत्र गप्प होतं, कारण धुराला ते ढिम्म हलायचं नाही. माझाच होकार. दार उघडं होतं म्हणून ती जिवंत होती.

तिचा उजवा पाय विचित्र वळला होता. डावा हात वर, भिंतीला चिकटलेला. अंगठा बटणावर.

मी तिला उचलायला वाकलो तेव्हा तिनं तो हात खाली घेतला. अंगठ्याचं पेर पांढरं पडलं होतं, नखाखाली रक्त साकळलं होतं. नंतर हिशेब लावला तर ती दोनच्या सुमारास पडली होती.

"झोप लागली हुती व्हय रं?" ती म्हणाली.

आता बघा, तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. आई, मी ते तोडलं होतं, तू दाबत होतीस ते कुठंच वाजत नव्हतं. पण म्हणजे मी खोटं बोललो होतो हे कळलं असतं. म्हणून मी दुसरं खोटं बोललो, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं.

"हो आई. वाजलं असेल, पण जागच आली नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आसू दे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. वयामुळं आणि धुरानं भरलेल्या छातीमुळं डॉक्टर भूल द्यायला तयार झाले नाहीत. तीन आठवड्यांनी तिला घरी आणली ती पुढच्या हॉलमध्ये, लोखंडी पलंगावर. आता मात्र तिची जागा नकाशाच्या मधोमध होती. भेटायला येणारे विचारायचे, दोन तास कुणालाच कसं कळलं नाही? मी खाली बघायचो आणि आई तिच्या त्या उरल्यासुरल्या आवाजात सांगायची, "पोरगं दमतंय. झोप लागली की त्येला ढोल वाजवला तरी कळत न्हाई. ल्हानपनापास्नं तसाच." लोक हसायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला त्या दिवसांत कुणी नुसतं 'कसे आहात सर' म्हटलं तरी घाम फुटायचा.

मी इर्शादला बोलावलं. हॉलमधल्या पलंगाशेजारी बटण हवं होतं. ते जुनंच काढून इथं लावू म्हणून तो मागं गेला आणि थोड्या वेळानं ते हातात घेऊन, उलटसुलट बघत, हॉलमध्ये आला.

"सर, हे तर कशालाच जोडलेलं नाही," तो म्हणाला. "मी जोडून दिलं होतं. कुणी काढलं?"

आई जागी होती. शैला तिच्या उशाशी पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. इर्शादनं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला उत्तर मिळालं.

"त्येला नगो इचारू बाबा," आई म्हणाली. "मला ठावं हाय."

"काय ठावं आहे?" मी म्हणालो.

"तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शैला अंगनात सांडगं घालीत हुती. सैपाकघराचं दार उघडं. म्हनलं, बघू तरी. दाबलं. हिनं मान वर केली न्हाई." ती थांबली, श्वास घेतला. "मग परत दाबलं. मग म्हनलं, जाऊ दे, येवढं काम करून आलाय पोरगा, कशाला बोलून दाखवायचं."

शैला भांडं खाली ठेवायला गेली आणि थोडं पाणी चादरीवर सांडलं. आईनंच ते हातानं निपटलं.

मी पलंगाजवळ गेलो. "तुला माहीत होतं, तर मग त्या दिवशी... दोन तास तू ते का दाबत होतीस, आई?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही, असं तिनं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला परवडला असता.

"मग दुसरं काय हुतं रं माज्याजवळ, दाबायला?" ती म्हणाली.

इर्शाद शिडी घेऊन बाहेर गेला.

त्याच दिवशी मी ते बटण जोडलं. या वेळी इर्शादला हात लावू दिला नाही. सहाही यंत्रांना जोडलं, तिच्या उजव्या हाताशी, पलंगाच्या दांडीला पट्टीनं बांधलं. तिनं बघितलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "बरं केलंस."

त्यानंतर ती आठ महिने जगली. मी तिच्यासाठी हॉलमध्येच गादी घालून झोपायला लागलो. पहाटे उठून बघावं तर ती जागी असायची, ओठ कोरडे, पाण्याचं भांडं रिकामं. "हाक का मारली नाहीस?" विचारलं तर म्हणायची, "तू झोपला हुतास." पाठीला जखमा झाल्या त्याही शैलाला अंघोळ घालताना दिसल्या तेव्हाच कळल्या. मिश्री तिनं सोडली. मी स्वतः भाजून आणून दिली, दोनदा. तिनं डबी उशाखाली ठेवली आणि उघडली नाही.

दर रविवारी सकाळी मी ते बटण दाबून बघायचो. घरभर सहा शिट्ट्या वाजायच्या, तिच्या रिकाम्या खोलीतसुद्धा. ती डोळे मिटून घ्यायची आणि मी अंगठा काढेपर्यंत उघडायची नाही. ते चालू होतं. त्या आठ महिन्यांत माझ्याशिवाय ते कुणी दाबलं नाही.